मेंदूची गंगाजळी

माझी मावशी जत तालुक्यात राहते. वय 78. शाळा दुसरीपर्यंत झाली, मग लग्न, शेळ्या, शेत, दोन म्हशी. दोन वर्षांपूर्वी घरात कुजबुज सुरू झाली, की मावशी हल्ली काहीच्या बाही बोलते. "चहा टाकू का?" असं सुनेनं विचारलं की उत्तर यायचं, "परवाच येऊन गेला की." डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब ती तीस वर्षं ठेवत होती. त्यात दोनदा घोळ झाला, तेव्हा मावसभावानं वही काढून बायकोकडे दिली. सगळ्यांनी मिळून निदानही केलं: साठी बुद्धी नाठी. आता तिनं निवांत बसावं, खावं-प्यावं, देवाचं नाव घ्यावं.

मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी नव्या वर्गाला विचारते, की घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं तर काय कराल? बहुतेकांचं उत्तर एकच असतं. काही नाही, वयच झालंय. हे उत्तर प्रेमापोटी येतं आणि तरीही ते चुकीचं आहे. म्हणून हा लेख.

आधी वयाचं काय ते पाहू. अमेरिकेत सिएटल शहरात वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञानं 1956 साली प्रौढ माणसांच्या बुद्धीची मोजदाद सुरू केली आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठून ती तपासत राहिला. दिसलं ते असं: झटपट काम करण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरतो. पण शब्दसंपत्ती, तर्कशक्ती यांसारख्या क्षमता साधारण साठीपर्यंत टिकतात, काही तर मधल्या वयात वाढतात. 81 वर्षांच्या माणसांतसुद्धा मागच्या सात वर्षांत एखाद्या क्षमतेत ठळक घसरण झालेले निम्म्याहून कमी निघाले. म्हणजे नाव पटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते शोधत फिरणं, हे वयाचं. चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणं वयाचं नाही. भाजीत मीठ टाकलं की नाही ते विसरणं चालतं. चाळीस वर्षं केलेल्या भाजीची कृतीच हरवली, ओळखीच्या गल्लीतून घरी येता येईना, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचव्यांदा आला आणि मागचे चार विचारल्याचं आठवेना, तर तो आजार असू शकतो. त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं होणारा दुसरा, आणि उतारवयात बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात.

भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये हे प्रमाण 7.4 टक्के आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. शहरात 5.3 टक्के, खेड्यात 8.4. पुरुषांत 5.8, बायकांत 9. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुली आधी शेवटच्या दोन आकड्यांकडे बघतात. खेड्यातली, म्हातारी, बाई. म्हणजे बहुतेकींची आजी.

आता या विषयातलं सगळ्यात चक्रावून टाकणारं कोडं. 1988 साली रॉबर्ट कॅट्झमन या मेंदूतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहिलेल्या 137 जणांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी प्रसिद्ध केली. त्यात दहा मेंदू असे होते, की सूक्ष्मदर्शकाखाली अल्झायमरच्या खुणा स्पष्ट, पण ती माणसं जिवंतपणी ठणठणीत बुद्धीची. अमेरिकेतच 1986 पासून डेव्हिड स्नोडन यांनी 678 कॅथलिक जोगिणींचा अभ्यास केला. एकाच धर्मसंघाच्या, जवळपास सारखं जेवण, सारखी दिनचर्या, आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्याचं वचन. तिथंही तेच. एक सिस्टर 101 वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत चाचण्यांत छान गुण मिळवत होती, आणि मेंदू उघडून पाहिला तर आजाराच्या गाठी भरपूर.

मेंदू बिघडलेला आणि मन शाबूत, हे कसं?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न हे मेंदू आणि मानसशास्त्र यांच्या सांध्यावर काम करणारे संशोधक. त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द या प्रश्नाला दिली. 1994 साली त्यांनी 593 वृद्धांचा अभ्यास छापला. सुरुवातीला कुणालाच स्मृतिभ्रंश नव्हता. पुढच्या काही वर्षांत कमी शिकलेल्यांना तो होण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. ज्यांच्या आयुष्यभराच्या कामात डोक्याला फारसा खुराक नव्हता, त्यांचंही तसंच. स्टर्न यांचं म्हणणं असं, की शिक्षण, काम, माणसांत मिसळणं, छंद यांतून मेंदूत एक राखीव ताकद साठत जाते. मराठीत तिला चपखल शब्द आहे: गंगाजळी. पतसंस्थेची गंगाजळी मजबूत असली तर काही कर्जं बुडाली तरी ठेवीदाराला खिडकीवर पैसे मिळत राहतात. आत तोटा झालेला असतो, बाहेर कळत नाही.

सांगलीकरांना मी याहून जवळचं उदाहरण देते. ऑगस्ट 2019 चा पूर. कृष्णा गावात शिरली आणि नेहमीचे रस्ते पाण्याखाली गेले. ज्याला दवाखान्याकडे जायची एकच वाट ठाऊक, तो अडकला. ज्याचं आयुष्य गल्लीबोळांतून सायकल हाणण्यात गेलं, तो कुठून तरी वळसा घालून पोचला. दोघांच्या वाटेत पाणी तेवढंच होतं. मेंदूतही एक जोडणी बंद पडली तर दुसरीकडून काम काढता येतं, पण ती दुसरी वाट आधी कधीतरी मळलेली असावी लागते.

याची एक कडू बाजूही स्टर्न यांच्याच अभ्यासात दिसली आणि ती लपवू नये. गंगाजळी मोठी असलेल्या माणसात आजार उशिरा दिसतो, पण दिसल्यावर घसरण जास्त वेगानं होते. आतली पडझड तोवर बरीच झालेली असते ना. मला तरी यात फायदाच दिसतो. शेवटचा कठीण काळ आखूड आणि आधीचा चांगला काळ लांब, यात कुणाला नको म्हणावंसं वाटेल?

इथं वर्गातला एखादा विद्यार्थी हात वर करतो, आणि करायलाच हवा. मॅडम, मग दुसरी शिकलेल्या बाईचं काय? तिची गंगाजळी शून्य?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारच्याच मुलखातून आलं आहे. कॅनडातल्या एलन बायलिस्टॉक या मानसशास्त्रज्ञ दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मनाचा अभ्यास करत आल्या. 2007 साली त्यांना टोरांटोतल्या रुग्णांत दिसलं, की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा सुरू झाली. त्यावर लगेच शंका आली: तिथले दोन भाषा बोलणारे बहुतेक बाहेरून येऊन स्थायिक झालेले, त्यांचं आयुष्यच वेगळं. मग सुवर्णा अल्लाडी या मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत 648 रुग्ण पाहिले. तिथं तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या एकाच गल्लीत राहतात, कुणी कुठून आलेलं नाही. 2013 साली निष्कर्ष छापून आले: एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं साडेचार वर्षं उशिरा. आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यात हा फरक सुमारे सहा वर्षांचा.

हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मावशीच दिसली. तिच्या गावात निम्मी वस्ती कन्नड बोलते. सकाळी सुनेशी मराठी, बांधावरच्या शेजारणीला कन्नडमधून "ऊट आतेन?" म्हणजे जेवण झालं का, बाजारात ज्याची जी भाषा त्याच्याशी ती. दोन्ही भाषा डोक्यात सदैव जाग्या, आणि तोंड उघडताना एकीला दाबून दुसरी पुढे करायची. ही निवड दिवसातून शंभर वेळा होते. त्या बाईनं एकही परीक्षा दिली नाही, पण तिचा मेंदू साठ-सत्तर वर्षं हा व्यायाम करतोय. आपण तिला अडाणी म्हणत आलो.

दवाखान्यात आलेले रुग्ण मोजण्याऐवजी निरोगी माणसांना घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या मागे जाणाऱ्या अभ्यासांत मात्र भाषेचा हा फायदा तितका ठळक दिसत नाही. म्हणून साठीत कन्नडचा क्लास लावा, स्मृतिभ्रंश टळेल, असं मी कुणाला सांगणार नाही. पण गंगाजळी फक्त शाळेच्या दाखल्यावर जमा होत नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

शाळेचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. वैद्यकातल्या लॅन्सेट या नियतकालिकानं नेमलेला एक तज्ज्ञगट या विषयावरचं जगभरचं संशोधन चाळतो. प्रमुख आहेत लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ गिल लिव्हिंग्स्टन. 2017 साली त्यांनी बदलता येण्याजोगी 9 कारणं सांगितली, 2020 साली 12, आणि 2024 साली 14. ही 14 कारणं समाजातून पूर्ण काढता आली, तर हिशेबानं स्मृतिभ्रंशाच्या 100 पैकी 45 घटना टळतील किंवा पुढे ढकलल्या जातील. हा हिशेब अख्ख्या समाजाचा आहे. एका माणसानं सगळं नीट केलं की त्याचा धोका 45 टक्क्यांनी उतरला, असा त्याचा अर्थ नाही. या यादीत लहानपणीचं अपुरं शिक्षण अगदी वरचं आहे. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, आणि 1919 साली कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली तीही याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काल्यात. ज्या मुली त्या शाळांत शिकल्या, त्यांच्या म्हातारपणाची तरतूद तेव्हाच झाली होती, हे शिकवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

यादीतली बाकीची कारणं पाहिली तर अनोळखी थोडीच आहेत. रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, जास्त दारू, हालचाल नसणं. हृदयाला जे वाईट ते मेंदूला वाईट, कारण दोघांना रक्त पुरवणाऱ्या नळ्या सारख्याच. चाळिशी-पन्नाशीतला रक्तदाब फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच "मला काही होत नाही" म्हणून गोळीविना राहतो. डोक्याला मार लागणं हे एक कारण, म्हणजे हेल्मेट. हवेचं प्रदूषण हे एक, आणि त्यात चुलीचा धूरही आला. नजर कमी होऊन उपचार न होणं हे नव्यानं जोडलेलं, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता काय करायचंय" म्हणून पुढे ढकलू नये. नैराश्य आणि एकटेपणा ही आणखी दोन.

पण मला थांबायचंय ते कानापाशी.

न ऐकू येणं हे या यादीत सगळ्यात मोठ्या वाट्याच्या कारणांपैकी आहे, कोलेस्टेरॉलच्या बरोबरीनं 7 टक्के. कान आणि स्मरणशक्ती यांचा काय संबंध? एक तर, अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यात मेंदूची इतकी शक्ती खर्च होते, की ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. दुसरं, आवाजच पोचत नसला तर मेंदूचा तो भाग रिकामा बसतो. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी घरचे बोलणं कमी करतात. आधी मोठ्यानं बोलतात, मग दोनदा सांगायचा कंटाळा येतो, मग "जाऊ दे, त्यांना कळणार नाही" सुरू होतं. माणूस भरल्या घरात एकटं पडतं. मग एक दिवस ते काहीतरी असंबद्ध बोलतं आणि आपण म्हणतो, बघा, बुद्धी गेली.

अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना श्रवणयंत्रं आणि ती वापरण्याची मदत दिली. 2023 सालचे निकाल नीट वाचायला हवेत. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक पडला नाही. पण ज्यांना वय, रक्तदाब वगैरे कारणांनी आधीच धोका जास्त होता, त्या गटात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र ही जादू नाही, पण ज्याला गरज त्याला मोठा आधार आहे. आणि हे लिहिताना मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर खांद्यावर लहान पोर घेऊन नाचणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. भिंती हादरतील इतक्या आवाजात त्या पोराचा कानही जाऊ शकतो, आणि गेलेला कान परत येत नाही.

आता लोक हमखास विचारतात ते: मॅडम, शब्दकोडं सोडवलं तर चालेल का? मोबाइलवर मेंदूचे खेळ असतात ते? सोडवा की, आनंद मिळत असेल तर. पण कोडी सोडवणारा माणूस कोडी सोडवण्यात पटाईत होतो; ते कौशल्य आपसूक बाकीच्या आयुष्यात उतरेलच असं नाही. एकाच उपायापेक्षा एकत्र उपाय बरे, हे फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या प्रयोगानं दाखवलं. 60 ते 77 वयाचे, धोका असलेले 1,260 लोक; दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, चारही एकदम. 2015 साली निकाल आले. दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचा आरोग्यसल्ला दिला होता. त्याच्या तुलनेत या गटाची बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा 25 टक्क्यांनी जास्त होती. तिकडचं जेवण आपण उचलायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, कडधान्याची उसळ, पालेभाजी, शेंगदाणे बेतानं, यात वाईट काय आहे? कमी करायचं ते मीठ, तेल आणि साखरेचा चहा.

बुद्धीच्या सरावाबद्दल माझं स्वतःचं मत सांगते. पन्नास वर्षं तोंडपाठ असलेला हरिपाठ म्हणताना मनाला शांती मिळते, ती मोलाची आहेच. पण मेंदूला चढ चढायला लागतो तो नवा अभंग नव्या चालीत बसवताना, आणि तोही भजनी मंडळात, चार जणांच्या टाळात टाळ मिळवत. सांगली नाटकांचं गाव. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच उभं केलं. साठीनंतर हौशी नाटकात पाच ओळींची भूमिका घेणाऱ्याला पाठांतर, हालचाल, माणसं आणि थोडी धास्ती, सगळं एकदम मिळतं.

आणि आता त्या म्हणीकडे. येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी म्हातारपणाबद्दल माणसाच्या मनात काय समजुती आहेत, हेच मोजायला घेतलं. 2018 साली त्यांनी 4,765 वृद्धांचा चार वर्षांचा अभ्यास छापला. त्यात काहींच्या रक्तात अल्झायमरचा धोका वाढवणारं एक जनुक होतं. हे जनुक असलेल्यांमध्ये, "म्हातारपण म्हणजे नुसती उतरण नाही" असं मानणाऱ्यांपैकी 2.7 टक्क्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि म्हातारपणाला वाईटच मानणाऱ्यांपैकी 6.1 टक्क्यांना. जनुक तेच. अशा अभ्यासातून एक गोष्ट दुसरीचं कारण आहे असं छातीठोक सांगता येत नाही, पण यामागची वाट समजण्यासारखी आहे. ज्याला वाटतं आपली बुद्धी जाणारच, तो ताणात जगतो, नवं शिकत नाही, फिरायला जात नाही, डॉक्टरकडे जात नाही. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, थट्टेत वापरतो, आणि साठीला पोचल्यावर ती आपल्याच गळ्यात पडते. घरचेही तीच म्हण धरून म्हाताऱ्यांच्या हातून एकेक काम काढून घेतात. हिशेब नको, स्वयंपाक नको, बाजार नको, आराम करा. गंगाजळीत भर घालणारी प्रत्येक वाट आपण मायेनं बंद करतो.

विसरणं वाढलं तर डॉक्टरकडे का जायचं, त्याला औषध कुठे आहे, असं म्हणून लोक घरी बसतात. पण स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं सगळंच स्मृतिभ्रंश नसतं. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही असंच होतं आणि यातलं बरंच दुरुस्त होतं. जाताना घरच्यांनी एका कागदावर लिहून न्यावं: कधीपासून, काय काय, हळूहळू की अचानक, गोळ्या कोणत्या चालू आहेत. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला असेल तर थांबू नये, ती तातडीची बाब. आणि रुग्ण शिकलेला नसेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. तारीख सांगा, वाक्य लिहा, अशा प्रश्नांत निरक्षर माणूस बुद्धी शाबूत असूनही नापास होतो. हे ओळखूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात निरक्षरांसाठी वेगळी हिंदी चाचणी बनवली गेली. ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी मदतक्रमांक आहे, अडलं तर तिथं विचारता येतं.

मावशीला आम्ही मिरजेला नेलं. "मला काय झालंय? तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताय," असं ती वाटभर म्हणत होती, आणि तिचं बरंचसं खरं निघालं. दोन्ही कान बरेच गेले होते. ब-12 फार कमी होतं. स्मरणशक्ती वयाच्या मानानं थोडी उणी होती, ती दर सहा महिन्यांनी तपासायची ठरली. इंजेक्शनं झाली, श्रवणयंत्र आलं. पहिले पंधरा दिवस ते कोनाड्यात पडून होतं, कारण कुकरची शिट्टी तिला अंगावर यायची. मग यंत्र देणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं की सकाळी एक तास घाला, तेही शेजारीण येते तेव्हाच, आणि रोज थोडा वेळ वाढवा. दीड महिन्यात ती दिवसभर घालायला लागली.

दुधाची वही आता पुन्हा तिच्याकडे आहे. रात्री सून फॅट आणि लिटर वाचून दाखवते, मावशी तोंडी बेरीज करते, आणि चुकली तर सून पुन्हा वाचते. वेळ जास्त लागतो. मावसभाऊ जेवायला थांबतो.